डावीकडचा ठिपका

मिस्त्रींचं तोंड दिवसभर चालू असायचं आणि बाईंचं गरजेपुरतं. बिघडलेला रेडिओ असो, टेपरेकॉर्डर असो की शेजाऱ्यांचा मिक्सर, मिस्त्री तो उघडून बसले की आधी त्याच्याशीच गप्पा सुरू व्हायच्या. मग तो दुरुस्त झाला की बायकोला, म्हणजे बाईंना, हाक मारून त्याची सगळी कर्मकहाणी ऐकवायची. बाई हातातलं काम न थांबवता ऐकायच्या. त्यांची सगळी नोकरी पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत झाली होती, सूक्ष्मदर्शकापुढे बसून काचपट्ट्या तपासण्यात. तिथे बोलायची सवय लागणार कुठून? प्रयोगशाळेत सगळे त्यांना बाई म्हणत, ते नाव निवृत्तीनंतरही घरी आलं आणि राहिलं.

प्रयोगशाळेतून आणखी एक गोष्ट त्यांच्याबरोबर घरी आली होती. तपासून झालेल्या, काही शंका न उरलेल्या काचपट्टीच्या डाव्या कोपऱ्यात बाई शाईचा एक बारीक ठिपका द्यायच्या. ठिपका असला की पुढे जाऊ दे, नसला की पुन्हा बघा. सगळी प्रयोगशाळा त्या ठिपक्यावर चालायची. आता घरातल्या औषधांच्या बाटल्यांवर, भरलेल्या बिलांवर, बरण्यांच्या झाकणांवर डावीकडे ठिपके असत. ‘माझ्या कपाळावरही देऊन टाक एक,’ मिस्त्री म्हणायचे, ‘माणूस तपासलेला आहे म्हणून.’ तुमची तपासणी अजून चालू आहे, असं बाईंनी एकदा सांगितलं होतं. मिस्त्री ते महिनाभर सगळ्यांना सांगत होते.

कॉम्प्युटर घरात आला तो लेकीमुळे. परगावी नोकरीला जाताना तिने आपला जुना कॉम्प्युटर भंगारात द्यायला सांगितला. नवी सिस्टीम त्याला झेपत नव्हती; तो चालू होईपर्यंत चहा उकळून, गाळून, निवूनही जायचा. पण ज्याची मोटर फिरते ते यंत्र भंगारात काढणं मिस्त्रींच्या तत्त्वात बसत नव्हतं. त्यांनी कुठून कुठून वाचून काढलं, दोनतीनदा सगळं पुसून पुन्हा घातलं, आणि शेवटी त्यात लिनक्स नावाची हलकी सिस्टीम बसवली. म्हातारा कॉम्प्युटर टुणटुणीत होऊन उठून बसला. मिस्त्रींना एवढा आनंद झाला की तो एकट्याच्या पोटात मावेना, म्हणून त्यांनी बाईंना शिकवायला घेतलं.

पहिला धडा काळ्या खिडकीचा. तिचं नाव टर्मिनल आहे हे बाईंना माहीत होतं, पण मिस्त्री तिला काळी खिडकीच म्हणायचे. तिच्यात चित्र नाही, बटण नाही. आपण लिहायचं आणि एंटर मारायचं.

‘हिला घाबरायचं नाही,’ मिस्त्री म्हणाले. ‘काम नीट झालं की ही काही बोलत नाही. तक्रार असेल तरच तोंड उघडते. तुझीच बहीण शोभेल.’

मग एकेक सांगत गेले. कुठल्याही खोलीत शिरलं की आधी इथे काय काय आहे ते विचारायचं. त्यासाठी ls लिहायचं. एकदा लिहिलेलं पुन्हा लिहीत बसायचं नाही, वरच्या बाणाचं बटण दाबलं की मागचं आपोआप येतं. मालक म्हणून हुकूम द्यायचा असेल तर आधी sudo लिहायचं, पण ते रागात असताना लिहायचं नाही. जे एकाच जागी आहे ते आपलं नाहीच असं समजायचं, दुसरी प्रत दुसरीकडे हवी. आणि काही हरवलं तर त्या डिस्कवर एक अक्षरही नवीन लिहायचं नाही. ‘फाईल पुसली म्हणजे लगेच मरत नाही. तिच्या जागेवर दुसरं कोणी येऊन बसलं की मरते.’

बाईंना सगळ्यात आवडलं ते टॅबचं बटण. लांबलचक नावाची पहिली दोन अक्षरं लिहायची आणि टॅब दाबायचं, उरलेलं नाव कॉम्प्युटर पूर्ण करतो. मिस्त्रींना त्यात नवल वाटलं नाही. त्यांची निम्मी वाक्यं बाई वर्षानुवर्षं पूर्ण करतच आल्या होत्या. ते ‘अगं, तो आपला...’ एवढं म्हणायचे आणि बाई स्क्रू-ड्रायव्हर आणून द्यायच्या. त्या दिवसापासून त्यांनी बाईंचं नाव टॅब ठेवलं.

मिस्त्रींच्या घशातली खरखर सुरुवातीला कोणी मनावर घेतली नाही. एवढं बोलणाऱ्या माणसाचा घसा बसायचाच. पण ती जाईना, तेव्हा बाईच त्यांना ओढून डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. नमुना काढला, तपासायला गेला. अहवाल दुसऱ्या प्रयोगशाळेचा होता, तरी बाईंनी तो वाचला आणि त्यांना समजावून सांगायची गरज कोणाला पडली नाही. आजार वेळेत सापडला होता, जिवाला धोका नव्हता. पण स्वरयंत्र काढावं लागणार होतं.

मिस्त्रींनी त्या दिवशी एकही यंत्र उघडलं नाही. नंतर सगळ्या आयुष्याचं बोलणं उरकून घ्यायचं असल्यासारखे पुन्हा सुरू झाले.

रुग्णालयात बोलण्यावर उपचार करणारी एक तरुण वाचातज्ज्ञ होती. तिने एक युक्ती सुचवली. शस्त्रक्रियेच्या आधी रोजच्या उपयोगाची वाक्यं तुमच्याच आवाजात रेकॉर्ड करून ठेवा. नंतर ती टॅबलेटमध्ये घालू, एकेका वाक्याला एकेक बटण. बटण दाबलं की तुमचाच आवाज येईल. नमुन्यादाखल तिने काही वाक्यं दिलीही: मला तहान लागली आहे. मला वेदना होत आहेत. कृपया दिवा बंद करा.

मिस्त्रींनी ती घरी आल्यावर मोठ्याने वाचली आणि बाईंकडे पाहिलं.

‘कृपया? या घरात कृपया कोणी, कोणाला, कधी म्हटलंय? लोकांना वाटेल माझ्या गळ्यात दुसराच कोणी येऊन राहिलाय.’

म्हणून त्यांनी आपली वाक्यं आपणच ठरवली. अगं, चष्मा कुठे ठेवलास? चहा तू टाकतेस की मी टाकू? असू दे, असू दे. आधी प्लग काढ, मग हात लाव. लेकीच्या फोनसाठी: काय गं चिमणे, जेवलीस का वेळेवर? आणि एक वाक्य असं होतं, ज्याला बाईंनी हरकत घेतली होती: मला ऐकू येतंय, बहिरा नाही झालो.

हे कशाला लागणार आहे, असं बाईंचं म्हणणं होतं. उगाच एक बटण अडेल.

‘लागेल, बघ,’ मिस्त्री म्हणाले. ‘ज्याला बोलता येत नाही त्याच्याशी लोक ओरडून बोलतात. मी स्वतः बोललोय.’

रेकॉर्डिंग बाहेरच्या खोलीत चालायचं. पंखा बंद, खिडकी बंद, दाराच्या फटीला जुनी चादर. माइक मिस्त्रींच्या जुन्या दुरुस्तीच्या दुकानातला, दोनदा डाग देऊन सांधलेला. कॉम्प्युटरपुढे बाई बसायच्या, लाल बटण दाबायच्या, पडद्यावरची आवाजाची रेघ सरळ आहे ना ते बघायच्या आणि म्हणायच्या, ‘बोला.’ मग मिस्त्री बोलायचे. खोकला आला की पुन्हा. दारावरची घंटा वाजली की पुन्हा. चष्म्याच्या वाक्याला तर दोघांनाही हसू यायचं, कारण चष्मा बाईंनी कधी कुठे ठेवलेलाच नसायचा. तो मिस्त्रींच्या डोक्यावर असायचा. बाई स्वयंपाकघरात गेल्या की मिस्त्री कानाला हेडफोन लावून बसायचे आणि प्रत्येक वाक्याच्या पुढचा-मागचा भाग कातरून ते नेटकं करायचे.

हे सगळं दुसरीकडे उतरवून ठेवायचं म्हणून त्यांनी एक पेनड्राइव्हही आणला होता. पण शस्त्रक्रियेची तारीख अचानक अलीकडे आली, आणि धावपळीत पेनड्राइव्ह पाकिटातच फळीवर राहिला.

शस्त्रक्रिया चांगली झाली. बाहेर येऊन डॉक्टरांनी तसं सांगितलं तेव्हा बाईंनी मान हलवली आणि पिशवीतला रुमाल शोधायला बराच वेळ लावला.

मिस्त्री जरा सावरले, उशीला टेकून बसू लागले, तेव्हा वाचातज्ज्ञ म्हणाली की आता टॅबलेट घेऊन या, बटणं बसवू. त्या दुपारी बाई घरी आल्या, हातपाय धुतले आणि कॉम्प्युटरपुढे बसल्या. आधी प्रत्येक फाईल ऐकायची, खात्री झाली तरच पुढे न्यायची. त्यांच्या हातून दुसऱ्या पद्धतीने काम झालंच नसतं. हेडफोनमधून मिस्त्री एकामागून एक बोलत होते. बाई डोळे मिटून ऐकत होत्या, खरखर आहे का, शेवटचं अक्षर तुटलंय का. चांगल्या फाईली त्या निवडत गेल्या. अडखळलेल्या, खोकल्याच्या, हसण्याच्या बाजूला राहिल्या.

सगळं ऐकून झालं. आता तपासलेल्या कोणत्या हे कळायला हवं. निवडलेल्या सगळ्यांची नावं एकदम बदलायची सोय मिस्त्रींनी त्यांना दाखवली होती. बाईंनी ती खिडकी उघडली, नावाच्या सुरुवातीला घालायचं चिन्ह म्हणून एक ठिपका दिला आणि एंटर दाबलं.

फाईली गेल्या.

पडद्यावर उरल्या त्या फक्त वाईट. एक खोकला, एक घंटा, एक ‘अगं, चष्मा कु...’ आणि पुढे हसणं. तपासलेली, शंका नसलेली एकही फाईल तिथे नव्हती.

बाईंनी हात कीबोर्डवरून उचलले. मग आठवून आठवून, मिस्त्रींनी सांगितलं होतं तसंच केलं. काळी खिडकी उघडली, ls लिहिलं. तेवढ्याच वाईट फाईलींची नावं आली. कचऱ्याची टोपली पाहिली, ती स्वच्छ होती. पुढे काय करायचं हे सुचेना, पण काय करायचं नाही हे माहीत होतं. त्यांनी आणखी काहीही न लिहिता, काहीही न उघडता कॉम्प्युटर बंद केला.

पडदा काळा झाला तरी त्या खुर्चीवरून उठल्या नाहीत. प्रयोगशाळेत नमुना खराब झाला तर रुग्णाला पुन्हा बोलावता यायचं. वाईट वाटायचं, पण दुसरा नमुना मिळायचा. इथे दुसरा नमुना कोणाकडे मागायचा?

त्या रुग्णालयात पोचल्या तेव्हा सिस्टर मिस्त्रींच्या कानाशी वाकून विचारत होती, ‘काका, दुखतंय का?’ आवाज एवढा की शेजारच्या खाटेवरचा माणूस झोपेतून उठून नाही म्हणाला. मिस्त्रींनी बाईंकडे पाहिलं. बघ, मी म्हणालो नव्हतो, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं. सिस्टर गेल्यावर त्यांनी उशाशी ठेवलेली लिहायची पाटी घेतली आणि लिहिलं: टॅबलेट?

चार्ज होतोय, असं बाईंनी सांगितलं.

मिस्त्रींनी पुसलं आणि लिहिलं: खोटं.

बाईंनी पाण्याची बाटली सरळ केली, चादरीची घडी सरळ केली. मिस्त्री पाटीवर पेन्सिल टकटक वाजवत राहिले. बोलता येत नव्हतं तरी माणसाने पिच्छा सोडला नव्हता.

‘तुमचा आवाज मी घालवला,’ बाई म्हणाल्या.

मिस्त्री त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरचं काहीच बाईंना वाचता येईना, आणि असं पूर्वी झालं नव्हतं. मग त्यांनी लिहिलं: नेमकं काय केलंस?

हा प्रश्न बाईंच्या ओळखीचा होता. त्यांनी अहवाल द्यावा तसं सांगितलं. आधी ऐकलं, मग निवडलं, मग तपासलेल्या सगळ्यांच्या नावापुढे डावीकडे ठिपका दिला, मग एंटर. मग ls, मग टोपली, मग कॉम्प्युटर बंद. त्यानंतर काही लिहिलेलं नाही.

‘ठिपका’ शब्दाला मिस्त्रींच्या भुवया वर गेल्या. ‘डावीकडे’ला त्यांचे खांदे हलायला लागले. गळ्याभोवती पट्टी, आवाजाचा पत्ता नाही, आणि माणूस डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होता. सिस्टर धावत आली. बाईंनी तिला खुणेनेच सांगितलं की काही नाही, हे असेच आहेत.

मिस्त्रींनी डोळे पुसले आणि लिहिलं: ls -a

लिहिलं आणि पुढच्याच क्षणी काही आठवल्यासारखं तळहाताने ते पुसून टाकलं. त्या जागी घाईघाईने दुसरं लिहिलं: राहू दे. घरी आलो की मी बघतो.

‘तुम्ही पुसलंत,’ बाई म्हणाल्या, ‘पण मी वाचलं.’

मिस्त्री छताकडे बघायला लागले. त्यांचे कान लाल झाले होते.

मग नाइलाजाने त्यांनी पाटीवर तुकड्या-तुकड्यांनी समजावलं. नावाच्या सुरुवातीला ठिपका असला की लिनक्स ती फाईल घरातली खाजगी गोष्ट समजतो, आल्यागेल्याला दाखवत नाही. गेलेली नाही, पडद्याआड आहे. ते ‘सगळं दा’ लिहीपर्यंत बाई म्हणाल्या, ‘...खव म्हणायचं, ते a. कळलं.’ मिस्त्रींनी पेन्सिल खाली ठेवली आणि त्यांचा हात थोपटला. टॅबचं बटण अजून चालू होतं.

घरी जाताना बाईंच्या डोक्यात वेगळाच प्रश्न होता. हा माणूस एका स्क्रूबद्दल अर्धा तास बोलतो. यांनी ls शिकवलं, बाण शिकवला, टॅब शिकवला. मग ही एवढी मोठी गोष्ट नेमकी कशी सांगायची राहिली?

त्यांनी कॉम्प्युटर सुरू केला, काळी खिडकी उघडली, ls -a लिहिलं. पडदा खालपर्यंत भरला. सगळ्या होत्या. चष्मा, चहा, असू दे, चिमणे, प्लग. प्रत्येकीच्या डावीकडे त्यांचा ठिपका. बाईंनी एकेका नावावर बोट ठेवत सगळी नावं वाचली.

त्यांच्यामध्ये एक नाव असं होतं, जे त्यांनी दिलेलं नव्हतं. फाईल नव्हतीच ती, एक अख्खं कपाट होतं, म्हणजे फोल्डर, आणि त्याच्याही पुढे ठिपका होता. नाव होतं: .तिचं

बाईंनी ते उघडलं नाही. आधी फळीवरचा पेनड्राइव्ह पाकिटातून काढला, लावला, आणि सगळंच्या सगळं त्यात उतरवलं. काळी खिडकी काही बोलली नाही, म्हणजे काम नीट झालं होतं. मग पुन्हा एकदा विचारून खात्री केली. मग हेडफोन कानाला लावले आणि कपाट उघडलं.

‘बोला,’ एक बाई म्हणाली.

आवाज ओळखायला त्यांना क्षणभर लागला. आपला आवाज बाहेरून असा येतो हे त्यांना कधी माहीतच नव्हतं. पुढची फाईल: ‘हं. बोला.’ पुढची: ‘पंखा बंद केलाय, बोला आता.’ ‘आधी पाणी प्या. मग बोला.’ ‘चष्मा डोक्यावर आहे. बोला.’ ‘रडताय की खोकताय? ... बरं. मी थांबते. सावकाश बोला.’

मिस्त्रींनी प्रत्येक वाक्याचा पुढचा भाग कातरला होता, पण टाकला नव्हता. दुरुस्तीतून उरलेला एकेक बारीक नट डबीत जपून ठेवायचे, तसं बाईंचं एकेक ‘बोला’ उचलून त्यांनी इथे ठेवलं होतं. स्वतः इतकं बोलणाऱ्या माणसाला घरातलं हेच एक बोलणं जपावंसं वाटलं होतं. बाईंनी सगळ्या फाईली ऐकल्या. त्यात खरखर होती, थांबत आलेल्या पंख्याची घरघर होती, काही ठिकाणी शेवटचं अक्षर तुटलेलं होतं. त्यांनी एकही बाजूला काढली नाही.

मग मिस्त्रींच्या वाक्यांपुढचे ठिपके त्यांनी काढून टाकले आणि ती टॅबलेटमध्ये घातली. ‘.तिचं’ जसं होतं तसं, ठिपक्यासकट, जागच्या जागी राहू दिलं.

सकाळी त्या वाचातज्ज्ञ मुलीने बटणं बसवली. कोणतं कुठे हे मिस्त्रींनी खुणेनं सांगितलं. त्यांनी मनात सगळा नकाशा केव्हाच काढून ठेवला होता. ती गेली आणि सिस्टर औषधाचा ट्रे घेऊन आली.

‘काका!’ ती ओरडली. ‘झोप लागली का?’

बाईंनी टॅबलेट मिस्त्रींच्या मांडीवर ठेवला. पडदा सरळ आहे ना ते पाहिलं, आणि सवयीने, हळूच म्हणाल्या, ‘बोला.’

मिस्त्रींनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. कालच्यासारखे त्यांचे कान लाल होत गेले, आणि बाईंना सगळं सापडलंय हे त्यांना कळलं. बाईंनी चेहरा अगदी अहवाल लिहितानाचा ठेवला होता. मिस्त्रींनी डोळे बारीक करून बटणांवरून बोट फिरवलं आणि एक दाबलं.

‘मला ऐकू येतंय,’ त्यांचा आवाज वॉर्डभर घुमला, खरखरीसकट, पुरा, जसाच्या तसा, ‘बहिरा नाही झालो.’

सिस्टरच्या हातातला ट्रे डगमगला. मग ती हसली आणि कुजबुजल्यासारखं म्हणाली की बरं, काका, आता नाही ओरडत. शेजारच्या खाटेवरच्या माणसाने ते पुन्हा एकदा वाजवायला सांगितलं.

मिस्त्रींनी मात्र दुसरं बटण दाबलं.

‘अगं, चष्मा...’ टॅबलेट बोलू लागला, आणि पुढचे दोन शब्द यायच्या आत बाईंनी उशीखालून चष्मा काढून त्यांच्या नाकावर ठेवला होता.